टाकीची शिवण

पेट्रोल शिळं होतं, हे मला वयाच्या चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. दूध नासतं, भात आंबतो, तसं पेट्रोलही डब्यात पडून पडून बिघडतं आणि त्याला जुन्या व्हार्निशसारखा जड, तुरट वास येतो. तो वास मी पहिल्यांदा घेतला तो एका ऑक्टोबरात, आमच्या खळ्यात. भात कापून आणलेलं होतं, ओल्या पेंढ्याचा गोडसर वास सगळीकडे भरला होता आणि त्यात हा दुसरा वास मिसळला. आता चार वर्षं झाली. पण अजूनही भातकापणी सुरू झाली की पेंढ्याच्या वासात मी नकळत तो दुसरा शोधतो. यंदाही शोधला.

आमची वाडी मालवणपासून आत, चौक्याच्या रस्त्याला. मी कणकवलीला एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहाय्यक आहे. त्या वर्षी पावसाळ्यात आईच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं. मंगळवारी आणि शुक्रवारी कुडाळला डायलिसिस सुरू झालं. चार तास यंत्राला जोडलेलं राहायचं आणि मग परत यायचं. जाताना ती ठीक असायची. येताना रक्तदाब उतरलेला, पायांत गोळे, बसवत नसायचं. रिक्षात खड्डा आला की ती डोळे मिटून दांडा धरायची.  तिचं न बोलणंच मला नको व्हायचं.

मांगरात, घराशेजारच्या खोपीत, बाबांची गाडी होती. बाबा हायस्कूलचे हेडमास्तर. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुणाची तरी वापरलेली पांढरी पेट्रोल गाडी घेतली आणि मग आयुष्यभर विद्यार्थ्यांवर ठेवली तशी तिच्यावर नजर ठेवली. ते गेल्यावर ती मांगरातच राहिली, चार पावसाळे, टाकीत अर्धं पेट्रोल तसंच. समुद्राकडून येणारा खारा वारा आमच्याकडे कपाटातल्या टाचण्याही सोडत नाही. गाडी बाहेर काढली तेव्हा दारांच्या खालच्या कडा बिस्किटासारख्या मोडत होत्या. पण बॅटरी बदलली, थोडं ताजं पेट्रोल घातलं आणि इंजिन लागलं. मागची सीट लांब होती. आईला उशी देऊन आडवं निजवता आलं. एवढंच मला हवं होतं.

गाडी दहा-बारा किलोमीटर छान चालायची आणि मग दम लागल्यासारखी अडखळून बंद पडायची. पंधरा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू. मालवणात दोघांना दाखवली. एकाने कार्बोरेटर साफ केला, दुसऱ्याने पेट्रोलच्या नळीतला फिल्टर बदलला. हा फिल्टर म्हणजे अंगठ्याएवढी प्लास्टिकची पारदर्शक डबी. नवी घातली की चार दिवसांत तिच्यात कोकोची पूड भरल्यासारखं दिसायचं.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी धामापूरच्या चढणीला गाडी थांबली ती अर्धा तास झाला तरी हलेना. कुडाळला यंत्रावरची वेळ ठरलेली असते. तुम्ही नाही आलात तर पुढचा रुग्ण वाट बघत असतो, त्यात कुणाचा दोष नसतो. आई मागच्या सीटवर उठून बसली आणि रस्त्याकडे बघत राहिली. शेवटी मासे घेऊन कुडाळच्या बाजाराला जाणारा एक टेम्पो मी थांबवला. आई पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, मी मागे बर्फाच्या पेट्यांवर. वेळेवर पोहोचलो. सिस्टरनी विचारलं, आज कसला वास येतोय. तेव्हा आई, जिला मासे जवळजवळ बंद झाले होते, म्हणाली, "इसवणाचो नुसतो वास घेतलंय. खावक नाय."

संध्याकाळी घरी आल्यावर, अंथरुणावर पडल्या पडल्या, तिने मला सांगितलं की गाडी इनासाला दाखव. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिने पुन्हा सांगितलं.

इनासकाकांचं नाव आमच्या घरात बारा वर्षं निघालं नव्हतं. चर्चच्या पलीकडे त्यांचं घर आणि घरालाच लागून गॅरेज. बाबांची गाडी पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हाताखाली होती. दोघांचं चांगलं जमायचं. पुढे गाडीतलं पेट्रोल कमी व्हायला लागलं. बाबा टाकी गळ्यापर्यंत भरून आणायचे आणि दोन दिवसांनी काटा खाली आलेला असायचा. बाबांनी वहीत नोंदी ठेवल्या नाहीत, पण मनात ठेवल्या. चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपतीवर टांगायची फळापानांची माटवी बांधायला वाडीतली पाच-सहा माणसं आमच्या ओटीवर जमली होती. तीन दिवस दुरुस्तीला ठेवलेली गाडी घेऊन इनासकाका आले. बाबांनी गाडीत डोकावून काटा बघितला आणि तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं, विचारलं की पेट्रोल विकलंस की आपल्याच स्कूटरमध्ये घातलंस. इनासकाकांनी आधी हसून बघितलं. मग बाबांनी 'चोर' हा शब्द वापरला. इनासकाका वळले आणि चालत गेले. मी माटवीला आंब्याचा टाळ, पानांची डहाळी, बांधत स्टुलावर उभा होतो. मी टाळ बांधत राहिलो.

असा शब्द वाडीत राहत नाही, पसरतो. हेडमास्तर बोलले म्हणजे खरं असणार, असं लोकांनी धरलं. काहींनी आपल्या गाड्या मालवणला न्यायला सुरुवात केली. आमची गाडीही मालवणला गेली. तिथेही पेट्रोल कमी व्हायचं. बाबा म्हणायचे, सगळे मेकॅनिक एकाच माळेचे मणी. मांगरात पेट्रोलचा वास यायचा. जुन्या गाडीला वास येणारच, असं आम्ही समजायचो.

शनिवारी मी त्यांच्याकडे गेलो. ते साठी ओलांडलेले, केस पांढरे, हात तसेच काळे. एका स्कूटरची ब्रेकची तार घालत होते. मी आईचं, कुडाळचं, धामापूरच्या चढणीचं सगळं सांगितलं. त्यांनी जुनं काहीच काढलं नाही. फक्त गाडीबद्दल विचारलं. थांबते ती झटका देऊन की दम लागून? किती वेळाने परत चालू होते? फिल्टरात रेती असते की पूड? मग हात पुसत म्हणाले, "टाकी आतसून कुजली हा. फिल्टर कितीय बदल, घाण येतच रवतली."

त्यांनी मला समजावलं तेव्हा त्या गाडीचा स्वभाव कळला. गंजाचे पापुद्रे टाकीच्या तळाशी बसतात. इंजिन पेट्रोल ओढायला लागलं की ते नळीच्या तोंडाच्या जाळीवर येऊन चिकटतात. जाळी बुजली की इंजिन उपाशी. गाडी थांबली की ओढ संपते, पापुद्रे खाली पडतात, गाडी पुन्हा चालते. आम्ही मात्र दर वेळी बॉनेट उघडून पुढेच बघत होतो.

नवी टाकी मिळण्याचा प्रश्न नव्हता, ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला. भंगारातून आणली तरी तिचं वय हेच. तेव्हा हीच उतरवून साफ करायची. रविवारी त्यांचा चर्चमध्ये मिस्सा असतो, सोमवारी येतो म्हणाले.

सोमवारी सकाळी स्कूटरवर पाने-हातोडी घेऊन आले. खळ्याच्या एका बाजूला भात वाळत पडलं होतं. दुसऱ्या बाजूला गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवून ते खाली शिरले. आईने चहा करून पाठवला. त्यांनी नको म्हटलं. पाण्याची बाटली आपलीच आणली होती. दुपारी आंब्याखाली बसून त्यांनी घरून आणलेला डबा खाल्ला. पाच दिवस हे असंच चाललं. ते आमच्या खळ्यात आले, खळ्यातून गेले, ओटीची पायरी चढले नाहीत.

टाकी खाली आली तेव्हा आतलं पेट्रोल कोऱ्या चहाच्या रंगाचं निघालं. हाच तो वास. ते ओतून घेतल्यावर काकांनी विजेरी आत धरली आणि मला बघायला सांगितलं. आत सगळं तांबडं होतं, खडबडीत, जांभ्या दगडाच्या विहिरीत बघावं तसं. काटा हलवणारा तरंगता गोळा गंजाने तिथल्या तिथे चिकटला होता. सगळ्यात आधी साबणाच्या पाण्याने चार वेळा धुऊन पेट्रोलचा अंशही घालवला. ते होईपर्यंत त्यांनी आईला चुलीतला विस्तवदेखील विझवायला लावला. मग रहाटाची जुनी साखळी टाकीत सोडली, मूठभर बारीक खडी घातली, टाकी गोधडीत गुंडाळली आणि आम्ही दोघांनी दोन टोकं धरून ती हलवली. सकाळभर हलवली. बाळंतिणीच्या घरात पाळणा हलवावा तसं दिसत असणार, कारण भात झोडायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. दर वेळी वीटभट्टीच्या रंगाचं पाणी निघायचं.

उरलेला गंज काढायला मी प्रयोगशाळेतलं आम्ल सुचवलं. विरळ करून घालू, तासाभरात लखलखीत होईल. त्यांनी मान हलवली. "ॲसिड गंजाबरोबर पत्रोय खाता. हो पत्रो आधीच पापडासारखो झालो हा." दुसऱ्या दिवशी त्यांनी रोजीकाकीकडून दोन मोठे कॅन आणले. रोजीकाकी म्हणजे त्यांची बायको, माहेर गोव्यातलं. तिकडून दरवर्षी माडीचा आंबट विनागर येतो, लोणच्याला आणि नाताळच्या मटणाला. तो जुना, जास्त झालेला विनागर त्यांनी टाकीत ओतला, भोकं बुचांनी बंद केली आणि टाकी गोणपाटावर ठेवली. रोज सकाळी कूस बदलायची, म्हणजे सगळ्या बाजू भिजतील. रसायनशास्त्राच्या शेजारी पंधरा वर्षं काढलेला मी, बघत राहिलो.

त्या आठवड्यात आई दोनदा रिक्षाने गेली. मंगळवारी परतताना तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पाय दुमडून रिक्षाच्या पत्र्याला टेकवले. पाच फूट उंचीची बाई किती लहान होऊ शकते ते मी पाहिलं. शुक्रवारी तिने विचारलं, टाकी झाली का. तक्रार म्हणून नव्हे, भात वाळलं का विचारावं तसं.

त्याआधी गुरुवारी सकाळी एक गोष्ट झाली होती. कूस बदलायला म्हणून मी टाकीला हात लावला तर खालचं गोणपाट ओलं होतं. बुचं घट्ट होती. काका आले, त्यांनी टाकी फडक्याने पुसून कोरडी केली आणि बसून बघत राहिले. ती टाकी म्हणजे दोन पातेली तोंडाला तोंड लावून शिवलेली, मधोमध जोडाची पट्टी. त्या पट्टीवर वीतभर लांबीत घामासारखे थेंब उभे राहिले. गंजाने बुजलेली जुनी फट विनागराने मोकळी केली होती.

"शिवणीतसून गळता," ते म्हणाले.

फट टाकीच्या बरोबर निम्म्यावर होती. पेट्रोल निम्म्याच्या खाली असेल तर काही नाही. गळ्यापर्यंत भरलं की झिरपणार, आणि जमिनीवर पडायच्या आधी उडून जाणार. मला हे कळायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळ त्यांना लागला असणार. आम्ही दोघंही टाकीकडे बघत होतो. शेजारी बायका भात झोडत होत्या, त्याचा आवाज सारखा चालू होता. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी गोणपाट बदलून आणलं.

दुपारी आईला सांगितलं. ती खिडकीशी बसून दिवसाचं मोजून दिलेलं पाणी घोट घोट पीत होती. तिने पेला खाली ठेवला. कुठल्या बाजूला फट आहे, किती लांब आहे, एवढंच विचारलं.

शनिवारी काकांनी टाकी रिकामी केली. खायच्या सोड्याच्या पाण्याने आंबट मारलं, मग टाकीत फटीच्या खालपर्यंत पाणी भरून, तापवलेल्या तांब्याच्या सळईने शिवणीला कथलाचा डाख दिला. आता फक्त वाळवायची राहिली. ओला, नुकता साफ झालेला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो, म्हणून गरम पाण्याने विसळून लगेच कडक उन्हात ठेवायची. ऊन होतंच. ऑक्टोबरचं ऊन आमच्याकडे डोक्यावर हात ठेवून बसतं. टाकी तोंड उघडं ठेवून खळ्यात ठेवली, शेजारी शेवटचं भात पसरलेलं.

तीनच्या सुमाराला डोंगराकडून काळं आलं आणि बघता बघता पाऊस खळ्यात उतरला. मी टाकीकडे धावलो. काका भाताकडे धावले. त्यांनी ताडपत्रीचं एक टोक ओढलं आणि मला ओरडून दुसरं धरायला लावलं. आम्ही दोघांनी आणि एका कामकरणीने भात गोळा केलं, झाकलं, कडांवर दगड ठेवले. तोवर टाकीत पाणी भरलं होतं. मी ते दाखवलं तेव्हा ते भिजून निथळत म्हणाले, "टाकी परत धुवूक येता. भात परत पिकता काय?"

पाऊस इतका होता की आंब्याखाली उभं राहायची सोय नव्हती. आई दारात पंचा घेऊन उभी होती. काका क्षणभर खळ्यात थांबले, मग पायरी चढून ओटीवर आले. आईने पंचा दिला आणि चहा टाकायला आत गेली. विचारलं नाही.

आम्ही दोघं पावसाकडे तोंड करून बसलो. तेव्हा मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी थंयच होतंय. माका वाटला होता तुम्ही तसे न्हय. पन मी एक शब्द बोलाक नाय."

त्यांनी पंच्याने मान पुसली.  मग म्हणाले, "माका तेव्हाच संशय इल्लो. घराकडे जाताना वाटेतच मनात इला, शिवण बघूक होयी. पन मास्तरान चोर म्हटल्यार मी कित्याक बघू? म्हटलां, गळूंदे. आयुष्यभर गळूंदे."

त्यांनी पुढे सांगितलं की बाबा गेल्याचं कळलं तेव्हा ते अंत्ययात्रेला निघाले होते, चर्चपर्यंत आले आणि परत फिरले. आता सांगायचं कुणाला, असं वाटलं.  मला वाटायचं, त्या गोष्टीत एकच बाजू दुखावलेली आहे आणि एकच चुकलेली. ओटीवर बसून ऐकताना ते इतकं सरळ राहिलं नाही. बाबा रागाने आंधळे झाले होते, काका रागाने गप्प बसले होते आणि मी तर रागावलोही नव्हतो. मी नुसता स्टुलावर उभा होतो. या तिघांत कोण जास्त चुकलं ते मी अजून ठरवू शकलेलो नाही, पण माझ्याजवळ कारण सगळ्यात कमी होतं हे मला माहीत आहे.

आई चहा घेऊन आली. काकांनी कप घेतला.

दुसऱ्या दिवशी मिस्सा आटोपून काका आले आणि टाकी पुन्हा धुतली. पुन्हा विनागर, पुन्हा सोडा, पुन्हा गरम पाणी, आणि या वेळी टाकी उन्हात आणि माझा एक डोळा आभाळात. कोरडी खडखडीत झाल्यावर आत थोडं ऑइल फिरवून घेतलं. आत डोकावलं तर राखाडी, स्वच्छ पत्रा. नवी जाळी, नव्या नळ्या, गंज काढून मोकळा केलेला तरंगता गोळा. सोमवारी टाकी चढवली, गळ्यापर्यंत पेट्रोल भरलं आणि आम्ही दोघं वालावलपर्यंत जाऊन आलो. धामापूरची चढण आली. गाडी चढली. परत आल्यावर काका खाली वाकले, शिवणीवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि मला दाखवलं. कोरडं होतं. मंगळवारी आई मागच्या सीटवर निजून कुडाळहून आली आणि नेरूरपारचा पूल येईस्तोवर तिला झोप लागली होती.

गुरुवारी दिवाळीची पहिली आंघोळ. आमच्याकडे त्या सकाळी नव्या भाताचे पोहे असतात, गुळाचे, दुधाचे, ताकातले, फोडणीचे, आणि शेजारी एकमेकांकडे खायला जातात. आईने या वेळी आदल्या दिवशीच आमंत्रणं पाठवली. माटवी बांधायला आलेल्यांपैकी जे हयात होते त्या सगळ्यांना नाव घेऊन बोलावलं. मला चर्चपलीकडे पाठवून इनासकाका आणि रोजीकाकीला सांगायला लावलं. तिला स्वतःला त्यातले निम्मे पदार्थ चालणार नव्हते.

सगळ्यांच्या हातात बशा आल्यावर ती उठून उभी राहिली. डाव्या हातावर सुयांच्या जागी पट्टी होती, उजव्या हाताने तिने खांब धरला. ती कधी चार माणसांत बोललेली नाही. तेवढं बोलायला घरात हेडमास्तर होते. ती म्हणाली, "बारा वर्सांमागे ह्याच ओटयेसमोर ह्यांनी इनासाक चोर म्हटल्यानी. पेट्रोल टाकीच्या शिवणीतसून गळत होता. इनासान एक थेंब घेवक नाय. ह्यां तुमच्यासमोर बोललेला, म्हणान तुमच्यासमोर सांगतंय."

 एका म्हाताऱ्याने बशी खाली ठेवली. रोजीकाकीने डोळ्यांना पदर लावला. इनासकाका बशीतल्या पोह्यांकडे बघत होते. मग ते उठले, आपली खुर्ची आईच्या मागे सरकवली आणि म्हणाले, "बसा, वयनी. उभ्या रवा नकात." ती बसली. ते खाली चटईवर बसले, बशीतलं संपवलं आणि गुळाचे पोहे आणखी मागून घेतले.

जाताना खळ्यात मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं की कॉलेजात माझ्या किती रजा झाल्या. मी सांगितलं. ते म्हणाले, "दिवाळीची सुट्टी सरली काय शुक्रवारी वयनींका मी व्हरतंय. तू कामार जा."

सुट्टी सरल्यावर पहिल्या शुक्रवारी सकाळी आई त्यांच्या शेजारी पुढच्या सीटवर बसली. मागे तिची उशी ठेवली होती, येतानासाठी. गाडी वळणापर्यंत दिसली, मग नुसता आवाज येत राहिला. तो कुठे अडखळतो का, हे ऐकत मी खळ्यात उभा राहिलो. अडखळला नाही. लांब जाऊन विरला. मग मी डबा घेतला आणि कणकवलीची बस पकडायला निघालो.